तोफेखालचा अनधिकृत दगड

परळच्या एका लष्करी दुरुस्ती कारखान्यात फिटर गुणाजी परब याने छपन्न साली सात नंबरच्या तोफेच्या चाकाखाली दगड लावला. तोफ उतारावर उभी होती, तिचा ब्रेक झिजला होता आणि उतार संपतो तिथे फाटकाबाहेर आनंदीबाई भजी तळत बसत. एवढं दिसल्यावर दगड शोधायला गुणाजीला कुणाचा हुकूम लागला नाही.

आधी त्याने रीतसर तक्रारही केली होती. सुरक्षा-प्रमाणांचे अधिकारी कमलाकांत विजयकर हे गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, कडक इस्त्रीचे आणि मऊ बोलण्याचे गृहस्थ. त्यांनी तपासणीचा नमुना क्रमांक चाळीस पुढे ओढला.

“ब्रेक आहे की नाही, एवढंच सांगा, परब.”

“आहे साहेब, पण लागत नाय.”

“आहे ना? मग ‘आहे’वर खूण करतो. लागणं हा वापराचा भाग झाला. ते खातं पुण्याला.”

“पण तोफ घसरली तर खाली आनंदीबाई बसतात.”

“त्या आपल्या कर्मचारी आहेत?”

“नाय, भजी तळतात.”

“मग त्यांना रकाना नाही हो,” विजयकर खऱ्याखुऱ्या कळवळ्याने म्हणाले.

महिनाभर दगडाने बिनबोभाट काम केलं. मग वार्षिक तपासणी आली. तोफेच्या नकाशात एकशे बारा भाग होते आणि जागेवर एकशे तेरा भरले. दगड काढा, असं विजयकरांनी सांगताच गुणाजी चाकापुढे उभा राहिला. “तुम्ही काढा साहेब, मी नाय काढणार.” स्वतः ओणवं होणं विजयकरांच्या हुद्द्यात बसत नव्हतं. तेव्हा दगड नकाशात घेण्यात आला. त्याचं वजन झालं, त्याला लष्करी हिरवा रंग लागला, अंगावर नंबर पडला. प्रत्येक भागाला सोमवारी तेल द्यायचं, असा देखभालीचा नियम होता. गुणाजी दर सोमवारी साहेबांसमोर दगडाला तेल लावी आणि त्यांची पाठ वळली की धोतराच्या फडक्याने कोरडा करी.

बाहेर संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते. गिरणगावात जमावबंदी होती आणि हातात दगड घेऊन हिंडणारा माणूस सरळ चौकीत जात होता. दगड हे शस्त्र असल्याचा हुकूमच निघाला होता. तो वाचून विजयकरांचा चेहरा उजळला. एकशे तेरावा भाग कोणत्या वर्गातला, हा प्रश्न त्यांना कित्येक दिवस छळत होता.

“परब, हे शस्त्र आहे. शस्त्र वापरात नसताना कुलपात ठेवायचं असतं.”

“वापरात आहे ना साहेब! तोफ त्यानेच धरून ठेवलीय.”

“तोफ ब्रेकने धरून ठेवलीय. ब्रेक ‘आहे’, असं तुम्हीच सांगितलंत, खाली तुमची सही आहे. मग दगड वापरात कसा?”

या प्रश्नाच्या उत्तरासाठी गुणाजी पुढे बरीच वर्षं झुरला. साहेबांनी दोन शिपायांकडून दगड उचलवला आणि पोलादी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. दगड निघताच तोफ जागेवर राहावी म्हणून गुणाजीने चाकाखाली एक लाकडी ठोकळा सारला. पण त्या वजनाखाली तो कितीसा टिकणार, हे त्याला कळत होतं. जेवणाच्या सुट्टीत तो दुसरा दगड शोधायला धावला. लालबागच्या नाक्यावर त्याला चांगला चपटा, जडसा दगड सापडला आणि तिथेच त्याला पोलीस सापडले.

बायको शेवंती बातमी ऐकून चौकीत आली. येताना तिने वाटेतून आनंदीबाईंनाही साक्षीला उठवून आणलं.

“माज्या घोवान दगड मारूक नाय, चाकाक लावूक घेतल्यान!” शेवंती म्हणाली.

“कसल्या चाकाला?” हवालदाराने विचारलं.

“तोफेच्या.”

हवालदाराची लेखणी थांबली. “म्हणजे तोफपण आहे?”

आनंदीबाई त्याला सगळं पहिल्यापासून समजावत होत्या, तेवढ्यात तिकडे ठोकळा चिरडला. सात नंबरची तोफ उतारावरून निघाली, फाटक घेऊन बाहेर आली आणि आनंदीबाईंच्या चुलीवरून, उकळत्या तेलाच्या कढईवरून जाऊन समोरच्या भिंतीत थांबली. ज्या पाटावर बाई रोज बसत, त्याच्या ढलप्या झाल्या.

चौकशी झाली. अहवाल विजयकरांनीच लिहिला. एकही कर्मचारी जखमी नाही. शस्त्र कुलपात सुरक्षित. ब्रेक अपघातापूर्वी ‘आहे’, अपघातानंतरही ‘आहे’. सबब तोफ सर्व प्रमाणांना उतरते. दोष एकच आढळला. ब्रेकविषयी अविश्वास पसरवून, एका लाकडी ठोकळ्यावर भलताच भार टाकल्याबद्दल गुणाजी परब याला कामावरून कमी करण्यात आलं. चौकीतून सुटल्यावर तो गिरणीत लागला. आनंदीबाईंनी चूल रस्त्याच्या पलीकडे मांडली आणि त्याच्याकडून भज्यांचे पैसे घ्यायचं कायमचं सोडून दिलं.

साठ साली राज्य झालं. त्या आनंदात दादरजवळच्या एका बागेला ती तोफ भेट मिळाली. बागेतल्या टेकाडावर तिला उभं केलं, नवा रंग दिला आणि शेजारी पाटी ठोकली: ‘सुरक्षिततेची सर्व प्रमाणे पूर्ण.’

एका रविवारी गुणाजी आणि शेवंती तिथे गेले. तोफेवर पाच-सहा मुलं चढली होती आणि खाली फोटोवाला कॅमेरा लावत होता. गुणाजीने सात नंबर पाहिला आणि तो पुढे धावला.

“उतरवा पोरांना! ब्रेक लागत नाय हिचा!”

लोक वळले. एक सुशिक्षित गृहस्थ पुढे आले. “तुम्ही कोण? अधिकारी आहात?”

“फिटर होतो. मीच बघत होतो ही तोफ.”

“अहो, पाटी आहे ना समोर? वाचता येतं की नाही?”

“पाटीचं सोडा, चाकाला हात लावून बघा.”

चाकाला कुणी हात लावला नाही. कुणीतरी म्हणालं, सुट्टीच्या दिवशी असे लोक असतातच. गृहस्थांनी पहारेकऱ्याला हाक मारली. मग आपल्या मुलीला तोफेच्या नळीवर नीट सरकवून बसवलं, सगळ्यांना जवळ घेतलं आणि फोटोवाल्याला म्हणाले, “हं, काढा.”

फोटो छान आला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो भिंतीवर आहे. त्यात आपण हसतो आहोत, आणि डाव्या कोपऱ्यात पहारेकरी कुणा एका माणसाला दंडाला धरून बाहेर नेतो आहे.