चौऱ्याण्णव मिलिमीटर

काचेचे तुकडे अकरा होते: मोठे चार, बारीक सात. सोमाजीने ते कागदावर मांडून दोनदा मोजले. मनगट बादलीच्या काठाला जेमतेम टेकले होते. एवढ्याने काच फुटावी कशी, हे बी.एस्सी. झालेल्या त्याच्या डोक्याला पटेना.

घड्याळ सासऱ्यांचे, भैयाजी गुरुजींचे. वीस वर्षे स्वतः वापरून त्यांनी ते लग्नात जावयाच्या हातावर बांधले होते. आणि पुढच्या रविवारी ते ब्रह्मपुरीहून आलापल्लीला येणार होते.

"बाबा आल्याबरोबर तुमचा हात धरून टाइम पाह्यतेत," रंभा म्हणाली. "फुटकी घडी पाहून काई बोलणार नाईत. तेच वाईट हाय."

सोमाजीने त्याच दुपारी लाकूड डेपोत बसून घड्याळाच्या काचेच्या खाचेत गोल दोरा बसवला, माप घेतले आणि नागपूरच्या दुकानाला पत्र टाकले: काच, चौऱ्याण्णव मिलिमीटर.

पार्सल शनिवारी आले. काच बशीएवढी होती.

रंभाने ती घड्याळावर ठेवून पाहिली. घड्याळासकट सोमाजीचे मनगटही झाकले गेले.

सोमाजी खाली बसला. दोन वर्षे तो डेपोत सागाच्या ओंडक्यांचा घेर मोजत होता. हाताने घड्याळाचाही घेरच मोजला. दुकानदाराने तो व्यास समजला.

"सागवान मोजलं तुमी," रंभा म्हणाली.

डेपोत लाकडे चिरणारा आराकश मंगरू सरपणाची मोळी टाकायला आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले. "कात्री द्या बाई. अन् बादलीभर पाणी."

"मंगरूभाऊ, काच कात्रीनं कापत नाई."

"पाण्यात कापते, साहेब. माहा बाप अहेरीले आरसे बसवे."

मंगरूने काच पाण्यात बुडवली आणि पाण्यातच रंभाची शिवणाची कात्री चालवली. कुरकुर आवाज करत कड झडू लागली, जशी वाळल्या भाकरीची झडते. चार वर्षांच्या कॉलेजात सोमाजीने असे काही पाहिले नव्हते. तो पापणी लववायची विसरला.

"व्यास तीस पाह्यजे," तो हळूच म्हणाला.

"मले आकडा नोका सांगू. घडी दाखवा."

मंगरूने एकदाच पाहिले. मग ओल्या दगडावर कड घासत बसला. शेवटी अंगठ्याने दाबताच काच टक करून बसली.

रविवारी भैयाजींनी चप्पल काढायच्या आधी जावयाचा हात धरला. मग काचेच्या कडेवरून बोट फिरवले.

"तडा कुठी गेला?"

"कोणता तडा, बाबा?"

"कडेखालचा. लग्नाच्या सकाळी माह्याच हातून पडली होती घडी. तुमाले सांगाची लाज वाटली."

रंभा तोंडाला पदर लावून आत गेली.

जेवून सासरे आडवे झाल्यावर सोमाजीने ट्रंकेतून कॉलेजातले सूक्ष्म मापाचे व्हर्नियर काढले, काच अलगद सोडवली आणि तीन दिशांनी मोजली. तिन्ही वेळा एकोणतीस पूर्णांक नऊ. मग कागदावर चौऱ्याण्णवच्या घेराला पायने, म्हणजे तीन पूर्णांक चौदाने, भागले.

एकोणतीस पूर्णांक नऊ.