हात बाहेर आल्यावर जोडा

"कुछ नहीं होगा, बेटा," असं आमच्या उज्जैनच्या स्कॅन सेंटरमध्ये जो कुणी लहान मुलाला म्हणेल, त्याला पुराणिक मॅडम बाहेर काढतात. मग तो बाप असो, मामा असो, नाहीतर वॉर्डाचा पार्षद असो. एकदा तर पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांनाच काढलं. त्यांची समजूत घालायला मिठाईचा डबा घेऊन फ्रीगंजातल्या त्यांच्या दवाखान्यात कोण गेलं? मी! म्हणजे भांडायचं यांनी आणि पाय धरायचे मी.

मी इथला एमआरआय टेक्निशियन. मॅडम आमच्या डॉक्टर. मी काढलेली चित्रं वाचून रिपोर्ट लिहिणं हे त्यांचं काम. पण मूल आलं की त्या आपली खोली सोडून येतात आणि माझ्या हातातला माइक काढून घेतात. अंबाड्यातल्या पिना काढून माझ्याकडे देतात आणि साठीची बाई स्वतः मशीनच्या बोगद्यात आडवी होऊन दाखवते. "बघ, दुखत नाही. आवाज मात्र भयंकर होतो. आणि आई आत येणार नाही. खोटं कशाला सांगू?"

"खोटं कशाला सांगू" हे त्यांचं पालुपद. बाहेर पेशंट ताटकळतायत, लोक माझ्या नावानं शंख करतायत, आणि बाई एवढ्याशा कार्ट्याशी निवांत चर्चा करतायत! मला चीड येते. अजून येते.

पण खरी चीड आली ती परीच्या आजोबांची. परी सहा वर्षांची, सारखं डोकं दुखायचं. आजोबा राम घाटावर पूजा सांगणारे गुरुजी. पोरीचा स्कॅन घेतला तर चित्र हललेलं. पुन्हा घेतला, पुन्हा हललेलं. आता हिला भूल द्यावी लागणार म्हणून मी फोन उचलला, तोच काचेतून बघत असलेल्या मॅडम ओरडल्या, "थांब!" मशीन दणदणलं की पोरगी हात जोडून मान झुकवत होती.

विचारल्यावर कळलं, आजोबांनी तिला घरूनच सांगून आणलं होतं, की आत महाकालाचा डमरू वाजतो!

"गुरुजी, लाज नाही वाटत? देवाच्या नावावर पोरीशी खोटं?"

"अहो मॅडम, घाबरली असती ना बिचारी."

"घाबरू द्या! घाबरली तर माझा हात धरेल. आता बाहर जाइए, एकदम बाहर."

मग त्या परीजवळ गेल्या. "हे मशीन आहे. देव नाही. हललीस की फोटो बिघडतो. हात बाहेर आल्यावर जोड."

"मला काही मोठं झालंय का?" परीनं विचारलं.

मी मागून खुणा करत होतो, नाही म्हणा, नाही म्हणा! मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. कळलं की तुलाच आधी सांगेन."

सहा वर्षांच्या पोरीला हे उत्तर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरगी नंतर जरासुद्धा हलली नाही. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. मॅडमनी गुरुजींच्या घरी फोन केला आणि आधी परीलाच फोनवर बोलावून घेतलं.

गेल्या महिन्यात मॅडमच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. बोलताना शब्द अडकू लागले. डोक्याचा स्कॅन करायचं ठरलं, तोही इथंच.

"सोबत कोण आलंय?" मी सवयीनं विचारलं.

"कोण येणार? तू आहेस ना." त्यांनी पिना काढून माझ्या हातात दिल्या.

मी स्कॅन सुरू केला. चित्र हललेलं. पुन्हा घेतला. पुन्हा हललेलं! काचेतून बघतो तर काय, मॅडमचे हात छातीवर जोडलेले, मान झुकतेय.

"मॅडम, हात!" मी माइकवर ओरडलो. "जोडलेत तुम्ही!"

"छे रे," आतून आवाज आला, "मी कुठं जोडलेत?"

धडधडीत खोटं! इतकी वर्षं आमचा जीव खाल्ला, अख्ख्या उज्जैनला बाहेर काढलं, आणि आता स्वतःच? नियमानं या बाईलाच बाहेर काढायला हवं होतं. मी तरातरा आत गेलो. त्यांचे हात सोडवायला गेलो तर ते बर्फासारखे गार होते. माझा राग तिथंच संपला.

"आवाज होईल, मॅडम. मी काचेपलीकडेच आहे."

"काही निघालं तर?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. "माहीत नाही. कळलं की तुम्हालाच आधी सांगेन."

"तू काय सांगणार? चित्र वाचायचंय मलाच."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग मी शेजारी बसतो," मी म्हणालो, "तुम्ही मला सांगा."

त्यांनी हात सरळ ठेवले आणि डोळे मिटले. या वेळी चित्र हललं नाही. मी टेबल बाहेर घेतलं, तरी त्या तशाच पडून होत्या.

"आता जोडू का रे?"

"जोडा, मॅडम."