लेबलावर सगळं होतं

बायकोच्या धंद्यात नवऱ्यानं डोकं घालू नये, असं कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. शिकवलं असतं तरी नेमका त्या दिवशी मी गैरहजर असतो. (माझं नशीबच तसं आहे.)

आमची सत्यशीला शिकेकाई करायची. रिठे, आवळकाठी, कचोरा, संत्र्याची साल, सगळं वाळवून, कांडून, वस्त्रगाळ. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या आणि ही डब्यातून दोन चमचे जास्तच घालायची. जुन्या जालन्यातल्या निम्म्या वेण्या आमच्या डब्यावर वाढल्यात, असं मी कचेरीत सांगायचो. (कचेरीतले हसायचे. सांगणाऱ्याच्या डोक्यावर केस नव्हते.)

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. किराणावाला मुबारक घरी येऊन म्हणाला, "वहिनी, माल एक नंबर! दुकानात ठेवतो मी. पण सुटा न्हाई चालणार, पुडी पाहिजे."

सत्यशीला हरखली. तिच्या हातची वस्तू पहिल्यांदाच दुकानात जाणार होती. मला म्हणाली, "पुड्या मी बांधते. तुम्ही फक्त वर 'शिकेकाई' लिहून द्या."

"नुसतं शिकेकाई? अगं, लेबल म्हणतात त्याला! छापून घेऊ. ते माझ्यावर सोड."

तिनं सोडलं. चूक तिची एवढीच.

चौदा वर्षं सरकारी मसुदे लिहिलेला माणूस मी. रविवारभर बसलो. सगळ्यात वर ठळक 'सत्यशीला स्पेशल'. खाली 'शुद्ध, सुगंधी, घरगुती. एकदा वापराल, कायम मागाल.' मग 'नकली मालापासून सावध राहा', मग माझं पूर्ण नाव, हुद्दा, गल्ली, आणि 'देवळामागे डाव्या हाताला निळं दार'. कुणी चुकू नये म्हणून.

छापखान्यात बदरोद्दीनचाचांनी खण ओढला. "नवा ब्लॉक बनाने कू औरंगाबाद जाना पडता, साब. तैयार में से देखो."

तयार तीनच ठसे होते. गणपती, नवरा-नवरी आणि चुलीपुढं बसलेली एक हसरी बाई. चुलीवर पातेलं, पातेल्यातून वाफा. मी म्हटलं, वा! न्हायचं पाणी तापून राह्यलंय!

"मजकूर बराबर है ना, साब? जो लिखा वोइच छापता मैं."

"बिलकुल बराबर!"

लेबल आलं तेव्हा सत्यशीलानं हात पदराला पुसून ते घेतलं. स्वतःचं नाव छापलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती. त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. पुढचं तिनं वाचलंच नाही. मलाही भरून आलं. खळ लावून पन्नास लेबलं मीच डकवली आणि पुड्या मीच दुकानात नेऊन दिल्या.

मुबारक नेमका माल आणायला शहागडला गेल्ता. गल्ल्यावर त्याची अम्मी, चाँदबी. तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं चित्र पाहिलं, पातेलं पाहिलं आणि पुड्या काळ्या मसाल्याशेजारी मांडल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर अनोळखी बाई, एका हातात पळी, दुसऱ्यात आमची पुडी.

"काकासाहेब तुम्हीच का?"

पहिलं गिऱ्हाईक! माझी छाती फुगली. "हो, मीच! आवडला का माल?"

"आवडला? भाऊ, रश्शाला फेस येऊन राह्यला! जितकं हलवावं तितका वर येतो!" आणि ती रडायलाच लागली.

बाई होती कांताबाई, कापडबाजारामागची. तिच्या मुलीला, बेबीनंदाला बघायला शहागडचे पाहुणे आल्ते. जेवण झालं की सुपारी फुटायची. रस्सा टाकला होता पोरीनंच.

"वास नाही आला का वेगळा?" मी विचारलं.

"आला ना! मंग वाटलं, तेच स्पेशल असंल!"

सत्यशीलानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. चप्पल न घालताच ती कांताबाईबरोबर निघाली, मागून मी. (निळ्या दाराला कुलूप लावायचंही राहिलं.)

तिथं पंगत थांबलेली. मुलाचे वडील तातेराव घास पुढ्यात घेऊन बसलेले आणि त्यांच्या भरघोस मिशीवर पांढरा फेस. एक पाहुणी पुटपुटली, "पोरीला रस्सा येत न्हाई, संसार काय येणार?" दाराआड बेबीनंदा हुंदके देत होती. मला जमीन दुभंगावी असं झालं.

सत्यशीला सरळ पंगतीपुढं उभी राहिली. "पाहुणे, पोरीचा दोष न्हाई. ही शिकेकाई आहे, माझी. आणि हे आमचे मालक. यांनी लेबलावर सगळं लिहिलं, आत काय ते तेवढं राह्यलं."

तातेरावांनी पुडी मागवली. लेबल वाचलं. उलटून मागं पाहिलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं बघत राहिले. (साहेबांनी मेमो दिला तेव्हाही मला इतका घाम फुटला नव्हता.)

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "डोळे पूस. दुसरं काय जल्दी होईल?"

पिठलं झालं. सत्यशीला भाकरी थापायला बसली तर बेबीनंदानं परात ओढून घेतली. "मावशी, मला करू द्या." टम्म फुगलेल्या भाकरी एकेक करून बाहेर आल्या. तातेरावांनी चार खाल्ल्या, हात धुतला, मिशी पुसली.

"पोरगी पसंत," ते म्हणाले. "पण एक अट आहे."

कांताबाईचा चेहरा पडला. आता काय मागतात कोण जाणे!

तातेरावांनी माझ्याकडं बोट केलं. "लग्नपत्रिकेचा मजकूर या भाऊंना लिहू देऊ नका. आमच्या पोराचं नाव राहून जायचं."

कांताबाई काही म्हणायच्या आधीच "बिलकुल कबूल!" म्हणाली ती आमची सत्यशीला.