पाठ फिरवून घेतलेला मॉनिटर

वस्तू पारखावी तर मी. गर्व करू नये हे मला कळतं, पण खरं बोलण्याचं शील रोज सकाळी घेते, तेव्हा खरं ते सांगावंच लागतं. मडकं मी टिचकी मारून घेते, तांदूळ दाताखाली धरून घेते आणि धागा ओढून पाहिल्याशिवाय साडी घेत नाही. गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात मी दिसले की कांदेवाला वरचे चकचकीत कांदे आपणहून बाजूला सारतो.

म्हणून सुनेला, रिनाला, कम्प्युटरसाठी मोठा मॉनिटर हवा आहे असं कळलं तेव्हा मी म्हटलं, "मी आणते."

रिनाला नागपूरच्या एका कंपनीत घरबसल्या काम मिळालं होतं. दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला नंबर द्यायचा. त्यासाठी दोन-दोन कागद एकदम समोर उघडे लागतात, आणि तिच्या लॅपटॉपचा पडदा शाळेच्या पाटीएवढा. कंपनीची अट अशी, की सोमवारी सकाळी दहा वाजता तिथल्या मॅडम व्हिडिओ कॉलवर घरची व्यवस्था पाहणार. मोठा मॉनिटर हवा आणि घरात शांतता हवी. नसेल तर नागपूरला येऊन ऑफिसात बसा. म्हणजे मुलगा राजदीप गडचिरोलीला दवाखान्यात ड्युटीवर, सून नागपूरला, आणि चार वर्षांची खुशबू आमच्याजवळ, दर तासाला "आई कधी येते" विचारत. हे मला नको होतं.

रिनाने चिठ्ठी करून दिली. सत्तावीस इंच किंवा त्याहून मोठा. पंधरा हजारांच्या आत. लॅपटॉपची वायर मागे लागली पाहिजे. आणि खाली दोन रेघा मारून: बारीक अक्षर स्पष्ट दिसलं पाहिजे.

आता अडचण ऐका. रविवारी चार वाजेपर्यंत तिची कंपनीची परीक्षा होती, म्हणून ती येऊ शकत नव्हती. आणि रविवारीच भाद्रपदाची पौर्णिमा होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, दर पौर्णिमेला मी अष्टशील पाळते. पांढरी साडी, सकाळी विहारात वंदना, आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत आठ नियम. त्यातले तीन असे निघाले की जणू कुणीतरी ते मॉनिटरच्या दुकानासाठीच लिहिले असावेत: दुपारी बारानंतर खायचं नाही, उंच आणि ऐषारामी आसनावर बसायचं नाही, नाच-गाणी-तमाशे पाहायचे नाहीत.

सोबत आमचे हे होते. लहानूजी. एस. टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे गाडीत बसले की अजूनही डोकी मोजतात. बस कोठारीच्या पुढे आली तशी त्यांनी मला छेडलंच.

"गुलाब, ही सीट उंच नाई का?"

"उंच आहे. पण हिला ऐषारामी कोणी म्हणणार नाही."

"आमच्या महामंडळाले नाव नको ठेवू," म्हणाले, आणि बल्लारपूरपर्यंत बोलले नाहीत.

चंद्रपूरला दिनेशभाऊंच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. माणूस मोठा अगत्याचा. आधी समोसे आले. मी नको म्हटलं. मग त्यांनी स्वतःची गोल फिरणारी, पाठीला मऊ अशी खुर्ची पुढे केली. मी तीही नको म्हटली आणि एका रिकाम्या खोक्यावर बसले. दिनेशभाऊंनी यांच्याकडे पाहिलं.

"काकू नाराज आहेत का काही?"

"नाई, नाई," हे समोसा खात म्हणाले, "आज त्यायची पौर्णिमा आहे."

मी मान वर केली आणि लगेच डोळे मिटले. समोरच्या भिंतीवर दहा-बारा पडदे होते, आणि अर्ध्यांवर एकच नटी एकाच वेळी सहा ठिकाणी नाचत होती. मी उठून भिंतीकडे पाठ करून उभी राहिले.

"भाऊ, ते जरा बंद कराल का? मला पाहता येत नाही."

"चष्मा आणला नाई काय?"

"दिसतं मला. म्हणूनच म्हणते."

दिनेशभाऊंनी बिचाऱ्यांनी काही न विचारता मुख्य बटण दाबलं. सगळे पडदे काळे झाले आणि माझ्या मागून आठ-दहा माणसांचा एकदम आवाज आला. उरलेल्या अर्ध्या पडद्यांवर क्रिकेटची मॅच सुरू होती आणि रस्त्यावरची माणसं आत येऊन भिंतीशी गर्दी करून ती पाहत होती, हे मला माहीतच नव्हतं.

"अरे, शेवटच्या दोन ओव्हर राह्यल्या होत्या ना, दिनेशभाऊ."

"काऊन बंद केलं बाप्पा?"

"ह्या मावशींनं सांगतलं."

इतकी माणसं माझ्याकडे पाहत असताना मी इतकी हळू बोलले की मलाच ऐकू आलं नाही. शेवटी तोड अशी निघाली: मॅच सुरू राहील, नटी बंद राहील, मी पाठ करून उभी राहीन, आणि पडदे पाहून हे मला सांगतील.

ही तोड मीच काढली. हे लिहिताना लाज वाटते.

"दोन आहेत तुमच्या हिशोबातले," दिनेशभाऊ म्हणाले, पण त्यांचाही आवाज माझ्याकडून मॅचकडे वळत होता. "हा सत्तावीसचा, कम्प्युटरचाच आहे. अन् हा बत्तीसचा, त्याच्याहून स्वस्त. जास्त करून लोकं हॉलमंधी लावतेत."

आमचंही टेबल हॉलमध्येच आहे. मला ते जुळून आल्यासारखं वाटलं.

"ह्याला लॅपटॉप लागतो ना?"

"लागते ना. मांगं भोक आहे."

बत्तीसचा, सुरू नसलेला एक नमुना त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवला. मी मागचं भोक बोटाने चाचपून पाहिलं. कडा दाबून पाहिल्या. पाठीवर टिचकी मारली. मग पर्समधून शिवणाचा टेप काढला आणि रुंदी मोजली. अठ्ठावीस इंच. पुन्हा मोजली, तरी अठ्ठावीसच.

"भाऊ, चार इंच कुठे गेले?"

"ते तिरपं मोजतेत, काकू. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

तिरपं मोजायचं तर मीही बरीच उंच भरेन, असं मनात आलं. पण जगाची रीत म्हणून मान्य केलं. आता राहिली ती दोन रेघांची गोष्ट.

"अहो, बत्तीसच्यावर अक्षरं कशी दिसतात?"

"एकदम मस्त," यांचा आवाज आला. "इथून वाचून राह्यलो, बिना चष्म्यानं."

"बारीक आहेत ना?"

"सहा बॉलात अकरा पाह्यजे."

"मी अक्षरांचं विचारते."

"अवं, अक्षरच सांगून राह्यलो. सहा, अकरा, सब क्लिअर."

मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर स्पष्ट आलं. पहिल्यांदा "पाच बॉलात सात", नंतर "चार बॉलात एक". ज्या माणसाला घरी गॅसच्या सिलिंडरचं पावतीपुस्तक वाचता येत नाही, त्याला दहा हातांवरून आकडे दिसतात, म्हणजे मॉनिटर चांगलाच असणार. मी म्हटलं, बांधा.

साडेचारला घरी पोचलो. बसमध्ये खोकं यांनी मांडीवर घेतलं होतं आणि त्याचं सामानाचं तिकीट स्वतः मागून घेतलं होतं. खुशबू खोक्याभोवती नाचायला लागली. तो नाच पाहिलेला चालतो असं मी धरून चालले. विळ्यावर खोक्याची पट्टी कापली. आतून मॉनिटर निघाला, दोन पाय निघाले, आणि एक रिमोट निघाला.

रिना रिमोट हातात धरून म्हणाली, "आई, मॉनिटरले रिमोट काऊन?"

"लांबून बंद करता यावा म्हणून असेल," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

तिने वायर लावली, कागद उघडले. कागद पाहायला काही बंदी नाही, म्हणून मीही पाहिलं. अक्षरं होती मोठी, पण भिजलेल्या पोह्यांसारखी. कडा फुगलेल्या, पोटं भरलेली. तीन आणि आठ यांच्यात काही फरक उरला नव्हता.

"ह्या बाईचा गुडघा दुखते," रिना हळूच म्हणाली, "अन् मले तीनचा आठ दिसला, तर तिचं दुखणं कानात जाईल."

तेवढ्यात शेजारच्या सुगंधाबाई दारात उभ्या राहिल्या. आमच्या दोघींच्या घरांना भिंत एकच. श्रावणात वीज पडून त्यांचा टीव्ही गेला तेव्हापासून संध्याकाळी कुठे पाहावं हेच त्या विसरल्या होत्या.

"अवो गुलाबबाई, टीव्ही घेतला तं सांगाव ना."

"टीव्ही नाही, मॉनिटर आहे."

सुगंधाबाई पुढे आल्या, रिनाच्या हातातला रिमोट घेतला, एक बटण दाबलं. पडद्यावर टीव्हीचं मोठं चिन्ह आलं. मी मान वळवली. रिनाने तिची चिठ्ठी टेबलावरून उचलली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. एका शब्दानं बोलली असती तर बरं झालं असतं.

हे म्हणाले, "वापस करू. सांगू का पडदाच खराब निघाला."

"खराब नाही निघाला. मी खराब पाहिला."

दिनेशभाऊंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"काकू, मी तं हॉलमंधी लावतेत म्हटलं होतं. अन् तुमी पाठ फिरवून होत्या," ते म्हणाले. "बरं, खोकं सीलबंद आहे का? सीलबंद असन तं आत्ता बदलून देतो."

हे समोर उभे राहून जोरजोरात मान डोलावत होते. हो म्हणायची खूण.

"नाही, भाऊ. मीच विळ्यावर कापलं."

यांनी कपाळावर हात मारला. पलीकडून दिनेशभाऊंनी लांब श्वास सोडला. आणि मागून सुगंधाबाई म्हणाल्या, "मले द्या ना मंग. जेवढ्याले आणला तेवढ्याले. आमचा रोशन फोनवरून पैसे टाकते."

असे प्रश्न पाच मिनिटांत सुटतात आणि माणूस मात्र तासभर घाबरून असतो. टीव्ही भिंतीपलीकडे गेला. रिनाने स्वतः दिनेशभाऊंना व्हिडिओ कॉल करून सत्तावीसचा पडदा सुरू करायला लावला. "भाऊ, त्याच्यावर तीन लिहा. आता बाजूले आठ. आणखी बारीक. आणखी." दिनेशभाऊंनी मुंगीएवढे लिहिले. ती म्हणाली, "हाच." यांनी ओळखीच्या कंडक्टरला फोन केला, आणि ठरलं की मॉनिटर सकाळच्या पहिल्या गाडीने येईल.

माझं मन फार अस्वस्थ झालं होतं. म्हणून संध्याकाळी पांढरी साडी सावरून, चटई टाकून, त्याच भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसले. तास-दीड तास बसले. हे नंतर कौतुकाने म्हणाले, "आज लय वेळ लागलं ध्यान."

सोमवारी गाडीने पाऊण तास उशीर केला. सव्वानऊला हे खोकं खांद्यावर घेऊन आले. या वेळी मी हात लावला नाही. रिनाने जोडलं, अक्षरं सुईने कोरल्यासारखी. तीन तीन होता, आठ आठ होता. बरोबर दहाला मॅडम आल्या.

"मॉनिटर छान घेतला," मॅडम म्हणाल्या. "खोली दाखवा. हं. टेबल ठीक. घरात शांतता असते ना?"

आणि बरोबर त्याच वेळी भिंतीपलीकडे सुगंधाबाईंनी कालचा भाग पुन्हा लावला. आवाज असा की आमच्या फळीवरचे पेले वाजले.

"सासूबाई, तुमच्या दुधात विष मी नाही टाकलं! आईची शपथ!"

रिना पांढरी पडली. मॅडम पुढे झुकल्या. "हे काय सुरू आहे? भांडण आहे का घरात? मागे त्या कोण?"

"माझ्या सासूबाई," रिना म्हणाली.

मॅडम एकदम हळू झाल्या. "काकू, तुम्ही ठीक आहात ना? खरं काय ते सांगा."

खरं सांगा म्हटल्यावर माझ्यापुढे दुसरा रस्ता राहत नाही. मी पुढे झाले आणि हात जोडले.

"आमच्या घरात शांतता असते, मॅडम. हा आवाज शेजारच्या टीव्हीचा आहे, मी आत्ता जाऊन कमी करायला सांगते. आणि त्या पोरीवर आळ आहे. विष तिनं नाही टाकलं. धाकट्या दिरानं टाकलं, हळदीच्या दिवशी, सगळे अंगणात असताना."

रिना माझ्याकडे पाहत राहिली. हे दारातून माझ्याकडे पाहत राहिले.

मॅडम म्हणाल्या, "दिरानं? माझा कालचा भाग राहून गेला. मला तर मोठ्या जावेवर संशय होता."

काम मिळालं. रिना हॉलमध्ये बसून गुडघ्याला गुडघा आणि कानाला कान देते. सुगंधाबाई दिवसा आवाज कमी ठेवतात.

यांनी मात्र त्या दिवशी जेवताना शांतपणे विचारलं, "गुलाब, काल ध्यानात तुले नेमकं काय दिसलं?"

"दिसलं काहीच नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. डोळे मिटलेले होते.

पुढच्या पौर्णिमेला विहारात भंतेजींना सगळं सांगणार आहे, आणि चटई दुसऱ्या भिंतीकडे टाकणार आहे. फक्त त्या दिराला एवढा राग कशाचा होता, ते त्याच्या आधी कळलं तर बरं होईल.