एक लांब, दोन आखूड

कोणतंही यंत्र बंद पडण्यासाठी ते आधी चालू झालेलं असावं लागतं. आमच्या गल्लीत सिद्धाप्पा मगदुमांच्या घरी २००१ साली जो कॉम्प्युटर तयार झाला, त्याने मात्र हा नियम पाळला नाही. तो चालू होण्याअगोदरच बंद पडला.

सिद्धाप्पांचं लक्ष्मीपुरीत सरकी-पेंडीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान. त्यांची मुलगी शांभवी, वय बावीस. तिने राजारामपुरीतल्या एका क्लासात कॉम्प्युटर जोडण्याचा आणि दुरुस्त करण्याचा वर्षभराचा कोर्स केला होता. वर्गात एकतीस मुलगे आणि ही एकटी. परीक्षेत ती पहिली आली. (बाकीच्या एकतीस जणांची त्या दिवशी तब्येत बरी नसावी.) शाहूपुरीत हिंडून तिने एकेक भाग निवडून आणला आणि घरच्या सोप्यात, म्हणजे दर्शनी खोलीत, कॉटवर मांडून, स्क्रू पिळून, कॉम्प्युटर स्वतः जोडला. त्यावर लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायच्या, असा तिचा विचार होता. त्या सोप्यात एरवी पेंडीची पोती ठेवत.

सिद्धाप्पा न्यायी माणूस. ते म्हणाले, "सोमवारी सांजच्याला पोत्यांचा टेंपो येतोय. तवर तुझं मशीन चालू झालं तर सोपा तुझा. न्हाय तर पोती आत, आन् तू गोकाकच्या पावण्यांस्नी व्हय म्हणायचं."

गोकाकच्या पाहुण्यांचा मुलगा लग्नाचा होता. बायकोने बाहेरची कामं केलेली त्याला चालत नसत. (घरातली कितीही चालत.)

शुक्रवारी सकाळी उद्घाटन झालं. मी, गणपतराव, शेजारी या नात्याने प्रमुख पाहुणा होतो. सिद्धाप्पांनी नारळ फोडला, कॅबिनेटला गंध लावलं आणि बटण दाबलं. आतला पंखा गरगरला. पडदा काळाच राहिला. खोक्यातून मात्र एक लांब आणि दोन आखूड असे तीन आवाज आले. ती कॉम्प्युटरची सलामी आहे असं समजून उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या.

शांभवी म्हणाली, "अप्पा, त्यो आवाज म्हंजे त्यानंच सांगितलंय काय झालंय ते. एक लांब, दोन आखूड म्हंजे डिस्प्ले कार्ड..."

या निवेदनाला एकूण आठ सेकंद लागणार होते. पाचव्या सेकंदाला आकाराम बोलायला लागला.

आकाराम मोटारी रिवाइंड करतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या मोटारी त्याच्याकडे येतात. त्यामुळे ज्याला वायर आहे त्या प्रत्येक वस्तूविषयी त्याला अधिकार आहे. तो म्हणाला, "बेअरिंग वरडतंय. अर्थिंग न्हाय तुमच्याकडं."

"काका, ह्यात बेअरिंग फक्त पंख्याला असतंय," शांभवी मला म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं काढल्यामुळे, परिस्थिती गंभीर झाली की काय करायचं हे मला ठाऊक आहे. मी तिथल्या तिथे 'संगणक चालू करणे समिती' स्थापन केली. अध्यक्ष मी. सदस्य आकाराम आणि राजशेखर. राजशेखर हा सिद्धाप्पांच्या भावाचा मुलगा. त्याने पुण्यात कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता, पैकी दीड महिना तो हजरही होता. शांभवीला समितीत घेता आलं नाही, कारण चहाची व्यवस्था कोणीतरी पाहायला हवी होती. ती आणि तिची आई बसव्वा यांनी ती चोख पाहिली, हे इथे नमूद करतो.

समितीचा पहिला ठराव असा: कोणीही खोकं उघडू नये. (कचेरीत मी हजारो प्रकरणं निकालात काढली. त्यासाठी एकही फाइल उघडावी लागली नाही.)

शुक्रवारी दुपारी आकारामने परसात तीन फूट खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा घातला, तांब्याची पट्टी पुरली आणि वर सात बादल्या पाणी ओतलं. कॉम्प्युटरने एक लांब, दोन आखूड आवाज काढले. बसव्वांचं कढीपत्त्याचं झाड खड्ड्याला लागून होतं. ते वाळायला लागलं, म्हणजे अर्थिंगचा परिणाम सुरू झाला होता.

शनिवारी राजशेखरने व्हायरसचं निदान केलं. शांभवी दारातून म्हणाली, "अरे, अजून चालूच न्हाय झालेला. व्हायरस शिरंल कुठनं?"

"जन्मजात असतोय," राजशेखर म्हणाला.

हे समितीला तत्काळ पटलं. मग सोपा फिनेलने पुसून घेतला, सर्वांनी चपला बाहेर काढल्या आणि कॉम्प्युटरला चोवीस तास विश्रांती दिली.

रविवारी माझी पाळी होती. मदरबोर्डच्या खोक्यावर तैवानमधला एक पत्ता छापलेला होता. त्या पत्त्यावर मी पत्र लिहिलं. विषय: संगणक चालू न होणेबाबत. पत्र मराठीत होतं. राज्यकारभाराची भाषा मराठी आहे आणि तैवानने ते समजून घ्यायला हरकत नव्हती.

सोमवारी दुपारपर्यंत झालेल्या कामाचा तपशील पुढीलप्रमाणे. मांडलेली मतं: चौदा. बटण दाबल्याची संख्या: दोनशे नऊ. चहा: बासष्ट कप. शांभवीला विचारलेले प्रश्न: एक. ("साखर कमी का?")

या काळात शांभवीने दोनदा खोकं उघडायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी तिला ठरावाची आठवण करून दिली आणि दुसऱ्या वेळी स्क्रूड्रायव्हर सुरक्षिततेसाठी माझ्या खिशात ठेवला. तिने सिद्धाप्पांकडे पाहिलं. सिद्धाप्पा म्हणाले, "मोठी माणसं बघाल्यात न्हवं? तू कशाला मधी?"

पाच वाजता टेंपो दारात आला. हमालाने पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि तो सोप्याच्या उंबऱ्याशी आला. शांभवी दारात आडवी उभी राहिली.

"धाच मिनिटं, अप्पा," ती म्हणाली. "सगळ्यांनी भाईर जावा."

समितीला बाहेर जा म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा मुद्दा मी उपस्थित केला. त्याला उत्तर बसव्वांनी दिलं. त्या चार दिवसांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि म्हणाल्या, "च्या संपला. उठा."

आम्ही उठलो. आतून कडी लागली.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं. शांभवीने वायर काढली, खोक्याची एक बाजू उघडली, आतलं एक हिरवं कार्ड उपसलं आणि शाळेतल्या खोडरबराने त्याची सोनेरी कड घासली. मग ते पुन्हा खाचेत बसवून अंगठ्यांनी दाबलं. कट् असा आवाज खिडकीपर्यंत आला. बटण दाबल्यावर या वेळी एकच आखूड आवाज झाला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. कडी लावण्यासकट सहा मिनिटं.

ती कॉटवर बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. बसव्वा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. चालू झालेल्या यंत्रासमोर रडण्याचं कारण समितीला समजलं नाही.

दार उघडल्यावर सिद्धाप्पा पडद्यासमोर उभे राहिले. हमाल पोतं घेऊन तसाच वाकलेला होता.

"काय केलंस?"

"कार्ड नीट बसलं नव्हतं. घासून बसवलं."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलायचं न्हाईस व्हय आधी?"

शांभवीने डोळे पुसले. "चार दिस झालं, बोलालोय की अप्पा."

सिद्धाप्पांनी पडद्यावरची अक्षरं एकदा पाहिली. मग ते हमालाकडे वळले आणि म्हणाले, "पोती दुकानात न्हे. आन् जाताना गोकाकला फोन लावायला सांग दुकानातल्या पोराला. जमत न्हाय म्हणावं."

समितीने त्याच दिवशी अंतिम अहवाल दिला. अर्थिंग मुरायला चार दिवस लागतात, ते सोमवारी मुरलं, असा आमचा एकमताने निष्कर्ष आहे.

शांभवीचं दुकान उत्तम चाललं आहे. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसतो. वाचकहो, गेल्या वैशाखात तुम्ही मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आला होता, तुम्हाला आठवत असेल. मशीनसमोर ती बसली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही लिवल्याली तारीख आन् वार जुळत न्हाय." तुम्ही तिच्या डोक्यावरून आत पाहिलंत आणि विचारलंत, "सर कुठं हाईत?" आम्ही लगेच उठून आलो. कागद उलटसुलट पाहून आम्ही तिला सांगितलं, यांनी दिलंय तसंच छाप. तुम्ही समाधानाने मान डोलावलीत.

तुमच्याकडचे दोनशे पाहुणे पत्रिकेतला वार धरून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आले, याचं समितीला मनापासून वाईट वाटतं.