पेटीतला मुलगा

माझी पेटी माझ्याशिवाय कोणी उघडून दाखवावी! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर आधी दोन जणांना बोलावून समोर बसवलं असतं. आणि बोलवायला दोन जण असते, तर मी पेट्या कशाला करत बसलो असतो?

तर पेट्या. लाकडी, कोड्याच्या. कुलूप नाही, किल्ली नाही, बिजागरीसुद्धा नाही. सगळीकडून गुळगुळीत. डावीकडची पट्टी नखभर सरकवली की मागची फळी सैल होते, मागची खाली ओढली की बूड हलतं, बूड हललं की पुन्हा डावीकडची पट्टी... असं करत करत शेवटी झाकण. एक चाल चुकली की मुकाट्याने पहिल्यापासून! जन्मभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले. निवृत्त झालो आणि पाठोपाठ ही गेली. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर लाकडाचा भुसा आणि माझं ताट शेजारी शेजारी असतात. हरकत घेणारं कोणी नाही.

मुलगा दोन तासांवरच्या शहरात नोकरीला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो.

"बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"वेळेवर जेवता ना?"

"जेवतो."

"औषधं?"

"घेतो."

बस्स! मीटर बघून माणूस जिना उतरून जावा तसं वाटतं. मग सोमवारपासून फोन टेबलावर पडून माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. वाजायचं नाव नाही. रुसलेल्या जावयासारखा! एकदा तर बिघडला असेल म्हणून दुकानात नेला. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून लावून बघितला. खणखणीत वाजला.

"चांगला आहे की, काका!"

मला तीच भीती होती.

म्हणून ठरवलं, याला पेटीत कोंडायचं. नजरेआड झाला की वाट बघणं आपोआप थांबेल. आणि पेटी अशी करायची की उठसूट उघडून बघायचा मोहच होऊ नये. झाकणाच्या पोटात मी दोन खाचा कोरल्या आणि त्यांत सायकलच्या चाकातले दोन छर्रे सोडले. सगळ्या चाली झाल्या की पेटी आधी उजवीकडे कलती करायची, मग पुढे. छर्रे घरंगळत आपापल्या खळग्यात बसले की झाकण सुटतं. हात जरा जरी कापला, की छर्रे बाहेर! फोन आत ठेवला, झाकण सरकवलं. टक्! काय गोड आवाज आला म्हणून सांगू!

चहाचं आधण ठेवतोय न ठेवतोय, तोच पेटी वाजली.

बुधवारी! बुधवारी मला कोणी फोन करत नाही. रविवार सोडून आलेला फोन म्हणजे काहीतरी विपरीतच. गाडीवरून पडला असेल? सूनबाईला काही झालं असेल? आधण तसंच टाकून धावलो. पट्टी, फळी, बूड, पट्टी... बोटं पेटीवादकासारखी चालली! झाकणापर्यंत आलो, पेटी कलती केली आणि घात झाला. फोन नुसता वाजत नाही हो, थरथरतो! मेला असा थरथरत होता की छर्रे तव्यावरच्या मोहरीसारखे उडायला लागले. एक बसला की दुसरा बाहेर. म्हणजे फोन वाजतोय तोवर पेटी उघडणार नाही, आणि पेटी उघडत नाही तोवर फोन घेता येणार नाही! असला नकाशा कारखान्यात काढला असता, तर साहेबांनी मलाच त्यात बंद केलं असतं.

वाजायचा थांबला. मी श्वास रोखून छर्रे बसवायला घेतले, तर पुन्हा सुरू!

"थांब रे बाळा!" मी पेटीवर ओरडलो. "ठेवू नकोस! नाही नाही, ठेव! आधी ठेव, मग कर!"

"भाऊजी, कोणाशी बोलताय?"

दारात खालच्या मजल्यावरच्या वहिनी. आमच्या हिची आणि त्यांची भारी गट्टी. ही गेल्यावर मात्र जिन्यात "काय, बरंय ना?" एवढ्यावर आलं होतं.

"मुलाशी," मी म्हटलं.

"कुठाय तो?"

"यात!" मी पेटी पुढे केली. नेमका तेव्हाच तो गप्प झाला.

वहिनींनी पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हो का? आत आहे का? बरं बरं. तुम्ही शांत बसा हं," असं म्हणत त्या जिना उतरल्या. पाठमोऱ्या न होता! साप दिसल्यावर माणूस सरकतो, तशा.

खाली काय झालं ते नंतर कळलं. मी फोन घेईना म्हणून मुलाने त्यांना फोन लावला. आणि वहिनींनी काय सांगावं? "अरे, तसे हिंडते-फिरते आहेत. पण तुला खोक्यात ठेवून तुझ्याशी बोलतायत!"

थोड्याच वेळात समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर हजर. मागे वहिनी, त्यांच्यामागे वहिनींचा नळ दुरुस्त करायला आलेला नळवाला, हातातल्या पान्यासकट.

"काका, आज वार कोणता?" डॉक्टरांनी गोड आवाजात विचारलं.

"बुधवार! म्हणून तर घाबरलोय!"

"अच्छा. बुधवारची भीती केव्हापासून वाटते?"

"आजपासून! अहो, आत फोन आहे!"

"वाजतोय का तो?"

मी पेटी कानाला लावली. "आत्ता नाही."

"आत्ता नाही," डॉक्टर वहिनींना हळूच म्हणाले. वहिनी डोळे पुसायला लागल्या.

"वहिनी, रडू नका, माझा नंबर लावा!"

त्यांनी लावला. पेटी अशी खणखणली की डॉक्टर दचकून मागच्या खुर्चीत बसले. खुर्चीवर मी सरस लावून एक फळी वाळत ठेवली होती. डॉक्टर बसले ते बसलेच!

"मुलाला कळवा, मी ठणठणीत आहे!" मी म्हटलं.

"कसं कळवू? तो मगाशीच निघाला. गाडी चालवतोय, फोन घेत नाहीये." वहिनींना आता हसू आवरेना.

आता खरं तर पेटी उघडायची घाई उरली नव्हती. पण एकदा कोडं दिसल्यावर कोण उठतो? आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचं नवीन जोडपंही आलं. नळवाला म्हणाला, "काका, हातोडीचा एक ठोका, विषय संपला!"

"आधी माझ्या डोक्यात घाल!"

मग प्रत्येकाने पेटीवर हात चालवून बघितला. नवरा म्हणाला, अशी फिरवा. बायको म्हणाली, तशी. त्यावरून त्यांचं लग्नानंतरचं पहिलं भांडण माझ्या घरात साजरं झालं! डॉक्टर खुर्चीसकट सरकत पुढे आले आणि कानाला नळी लावून पेटीचे ठोके ऐकायला लागले. माझे कप पुरेनात. वहिनींनी खालून आणले. ही गेली त्या दिवशी घर असं भरलं होतं, पण तेव्हा कोणी बोलत नव्हतं.

पुन्हा माझी पाळी आली. पट्टी, फळी, बूड, पट्टी. उजवीकडे, मग पुढे. दोन्ही छर्रे बसले! आवाज झाला नाही, पण माझ्या बोटांना कळलं. आता झाकणावर नुसता अंगठा टेकायचा होता.

मी मान वर केली. वहिनी वरच्या मजल्यावरच्या नव्या नवरीला सांगत होत्या, "हे भाऊजी कारखान्यात गेलेले असताना मी आणि यांची बायको गच्चीवर अडकलो एकदा. दाराची कडीच निघाली हातात! तासभर दोघी नुसत्या हसत बसलो होतो." हे मला हिने कधी सांगितलंच नव्हतं. पेटी उघडली असती, तर "चला, झालं बाई एकदाचं" म्हणून सगळे उठले असते.

"अंहं, नाही जमत," मी म्हटलं. आणि काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तशी पेटी मांडीवर धरून बसलो. "मग कडी निघाल्यावर काय झालं, वहिनी?"

दुसऱ्यांदा चहा झाला, बिस्किटं संपली. डॉक्टरांना पँटसकट खुर्चीतून सोडवून फळी मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावी असं ठरत होतं, तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मुलगा! घामाघूम, चेहरा पांढराफटक.

"बाबा! मला ओळखलंत का? मी कोण?"

"मुलगा."

"मी कुठे आहे?"

"दारात! आत ये की!"

त्याने माझ्या मांडीवरची पेटी बाजूला ठेवायला उचलली. अंगठा नेमका झाकणावर पडला, आणि झाकण सुळकन सरकलं. घरात एकच टाळी! "बापाच्या पेटीला मुलगाच भारी!" नळवाल्याने पाना उंचावला. मुलगा लहानपणी पोहायला शिकल्यावर हसला होता, तसा हसला. मी काही बोललो नाही. एवढं तर बापाने करावंच.

मग हळूहळू सगळे गेले. डॉक्टर मागे फळी धरून तिरपे तिरपे उतरले. वहिनी कप गोळा करताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊजी, चहाला बोलवायचं असेल तर नुसतं बोलवत जा. दवाखाना बंद पाडायची गरज नाही." म्हणजे त्यांना कळलं होतं की काय? मी भुसा झाडायला घेतला.

घरात आम्ही दोघंच उरलो.

"पण तू बुधवारी फोन का केलास रे?" मी विचारलं. "काही झालं होतं का?"

तो ओशाळला. "काही नाही हो. फोन खिशात होता, चुकून लागला."

"आणि नंतर इतक्या वेळा?"

"चुकून लागला होता, काळजी करू नका, हे सांगायला."

मी मान डोलावली.

"निघायला हवं, बाबा. उद्या ऑफिस आहे," तो म्हणाला, पण पेटी काही त्याच्या हातातून सुटेना. झाकण मागे-पुढे करून बघत होता. आत काय मावतं म्हणून खिशातली गाडीची किल्ली टाकून बघितली, आणि झाकण सरकवलं.

टक्!

"अरेच्चा! बाबा, किल्ली आत राहिली! उघडायला किती वेळ लागेल?"

आत वाजणारं काही नव्हतं, थरथरणारं काही नव्हतं. माझ्या हातचा मळ!

"काही सांगता येत नाही रे," मी म्हटलं. "हवा दमट आहे. लाकूड फुगतं."