आठ मुरुक्कूंची वजाबाकी

गिरिधरला राग यायला कारण लागत नसे, पण त्या दिवशी चांगलं भक्कम कारण होतं. शाळेत, चार पालकांच्या देखत, कृष्णवेणी टीचरनं सांगितलं होतं, "हरिणीला बेरीज-वजाबाकी येते. पण गोष्टीतलं गणित दिलं की ती नुसती बसून राहते. शनिवारच्या परीक्षेत जमलं नाही, तर तिला दुसऱ्या तुकडीत घालावं लागेल."

दुसरी तुकडी म्हणजे निधीपासून ताटातूट. निधी आणि हरिणी बालवाडीपासून एका बाकावर बसणाऱ्या. हरिणी मैलापूरच्या घरी पोचेपर्यंत रडत होती आणि तिचा बाप पोचेपर्यंत तापत होता.

"ट्यूशन-बिट्यूशन काही नको," तो बायकोला म्हणाला. "गिंडीच्या कारखान्यात मी केसाएवढी चूक पकडतो. तिथले इंजिनियर मला चळचळा कापतात. तिसरीचं गणित काय घेऊन बसलीस? एका संध्याकाळात शिकवतो, बघच तू."

"शिकवा," रंजनी म्हणाली. "फक्त ओरडू नका."

"मी कधी ओरडतो?" गिरिधर ओरडला.

कॉफी घशाखाली घालून तो पुस्तक घेऊन बसला. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठी, आणि राग अनावर झाला की गिरिधर तमिळवर घसरायचा. पहिलंच गणित होतं मुरुक्कूंचं, म्हणजे तांदळाच्या चकल्यांचं: सीताच्या आईने चोवीस मुरुक्कू केले. त्यातले आठ शेजारणीला दिले. तर किती उरले?

"सांग."

हरिणीनं पेन्सिलीचं टोक चावलं. "आत्ता नाही सांगता येत, अप्पा."

"का नाही येत?"

"डबा परत यायचाय."

"कुठला डबा?"

"शेजारणीकडे गेलेला. मुरुक्कू काय कोणी हातात देतं? डब्यातच घालून देणार ना. आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. आपल्या अन्नपूर्णाआजी तर कधीच करत नाहीत. त्यांनी काय घातलंय ते बघितल्याशिवाय किती उरलं ते कसं कळणार?"

स्वयंपाकघरात रंजनीला हसू फुटलं. गिरिधरचे कान लाल झाले.

"गणितात डबा नाही!"

"मग सीताच्या आईनं दिले कशातून?"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. पोरगी मठ्ठ असती तर एक वेळ परवडलं असतं, ही तर वकिली करत होती. शहाण्या माणसानं इथेच पुस्तक मिटून देवळापर्यंत चक्कर मारून यावी. पण गिरिधरच्या डोक्यात प्रात्यक्षिकानं जन्म घेतला. रंजनीनं दुपारी तळलेले मुरुक्कू त्यानं टेबलावर मांडले, चांगले मोजून चोवीस. त्यातले आठ स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा हरिणीच्या हातात दिला.

"समोर अन्नपूर्णाबाईंना देऊन ये. आणि सांग, अप्पांनी सांगितलंय, डबा रिकामाच परत द्या."

रंजनी पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. "अहो, असला निरोप देतात का? त्या म्हाताऱ्या बाईला काय वाटेल?"

"काही वाटत नाही. शिक्षणाचा प्रश्न आहे."

अन्नपूर्णाबाई सत्तरी ओलांडलेल्या, तंजावरच्या. त्यांची मराठी त्यांच्या आजीच्या काळातली आणि समजुती त्याहून जुन्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळे हरिणी परत आली ती जड डबा घेऊन. आत अधिरसम होते, अनारशांसारखे, गुळाचे, तुपात निथळणारे.

"आजी विचारत होत्या, अप्पाला ताप आलाय का म्हणून," हरिणी म्हणाली.

"परत दे नेऊन."

"आलेलं अन्न परत पाठवायचं?" रंजनीनं त्याचा हात धरला. पण गिरिधर आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता. डबा गेला, आणि त्याच्या पाठोपाठ स्वतः अन्नपूर्णाबाई दारात उभ्या राहिल्या. डोळे भरलेले, आवाज चढलेला.

"गिरिधर, माझें काय चुकलें तें सांग. तुला कडेवर घेऊन मी देवळाचा रथ दाखविला. आज माझ्या हातचें तुला चालत नाहीं?"

"मामी, तसं नाही, हे गणित आहे..."

"शेजारांत गणित मांडायला लागलास? तुझ्या आईनें असतें बघितलें म्हणजे!"

आवाज जिन्यातून वर गेला. वरच्या मजल्यावरचे सुंदर मामा समेट करायला खाली उतरले. आता समेटाला कोण रिकाम्या हातानं येतं? त्यांनी वाटीभर मैसूरपाक आणला. खालच्या मजल्यावरून हरभऱ्यांचं सुंडल आलं, मागच्या घरातून केळी आली, आणि जो तो तेच सांगू लागला, "गोड खा आणि राग सोड." अन्नपूर्णाबाई तरातरा घरी गेल्या आणि सांबाराचं पातेलंच घेऊन आल्या. "हें आतां परत पाठवून दाखव," म्हणून त्यांनी ते गिरिधरच्या पुस्तकावर ठेवलं.

"अप्पा," हरिणी हळूच म्हणाली, "मुरुक्कू दिसतसुद्धा नाहीत आता."

मग गिरिधर फुटला. आधी तमिळमध्ये, मग मराठीत, आणि मधला थोडा भाग कुठल्याच भाषेत नव्हता. "चालते व्हा सगळे! तुमच्या या डब्यांपायी माझी पोरगी नापास होणार आहे. तुमचं गोड तुमच्याकडे ठेवा!"

माणसं निघून गेली. पदार्थ राहिले. हरिणीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी नापास होणार, अप्पा? मग निधीच्या शेजारी कोण बसणार?"

तिला भलतीच भीती वाटत होती, आणि ती भीती गणिताची नव्हती, हे त्याला आत्ता दिसलं. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. "कण्णा, बाळा, ऐक. पुस्तकातली माणसं आपल्यासारखी नसतात. त्यांना दिलं की गेलं. ती डब्यात काही घालत नाहीत."

"वाईट असतात?"

"फार वाईट असतात."

"मग सोळा," हरिणी म्हणाली. तिनं बोटंसुद्धा मोजली नाहीत.

त्यानं पुढचं गणित वाचलं, मग त्याच्या पुढचं. आंबे वाटले, पतंग वाटले, फुगे वाटले. एकही चुकलं नाही. बापानं तिला जवळ घेतलं आणि मग तो सांबार ओरपून जेवला. "आता मामींची माफी मागून या," रंजनी म्हणाली. "उद्या," गिरिधर म्हणाला, आणि शनिवार आला तरी त्याचा उद्या उजाडला नव्हता; मामींचं रिकामं पातेलंही ओट्यावर तसंच पडून होतं.

परीक्षेत हरिणीला पैकीच्या पैकी मिळाले. पालकांच्या सभेत ती निधीच्या शेजारी, आपल्या बाकावर बसली होती. कृष्णवेणी टीचर कौतुकानं म्हणाल्या, "सर, अशी काय जादू केलीत?"

"जादू कसली," गिरिधर छाती काढून म्हणाला. "पद्धत असते. तिलाच विचारा ना. इथल्या सगळ्यांना उपयोग होईल."

हरिणी उभी राहिली. "सोपं आहे, टीचर. शेजारीण असो, मित्र असो, ज्याला दिलं ना, त्याच्या जागी मी अप्पांना धरते. मग काहीच परत येत नाही, आणि वजाबाकी बरोबर येते."

सगळा वर्ग हसला. निधीच्या आईनं तर पदर तोंडात कोंबला. गिरिधरला असा सणसणीत राग आला म्हणता, पण तो काढायचा कोणावर, ते मात्र त्याला काही केल्या समजेना.